मुलींच्या आईची गोष्ट

मराठी बोलपट जन्माला आला तो आईचे दुःख घेऊन. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ लागला. त्यातली दुर्गाबाई खोटे यांची तारामती राज्य गमावते, विकली जाते आणि अखेर पोटच्या पोराचे प्रेत घेऊन स्मशानात येते. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३६ च्या ‘अमरज्योती’त मुलाचा ताबा नाकारला गेला म्हणून सौदामिनी समुद्रावर बंड उभारते. तिकडे हिंदीत मेहबूब खान यांनी १९४० साली ‘औरत’ काढला आणि तीच कथा १९५७ साली ‘मदर इंडिया’ म्हणून पुन्हा सांगितली. या आयांनी आपल्याला घडवले, त्यांच्यासाठी आपण मनापासून रडलो. त्यांचे थोरपण कुणी नाकारू नये. पण त्या सगळ्यांना एका ओळीत उभे केले की एक गोष्ट लपत नाही. प्रत्येकीच्या पदराला धरून उभा आहे तो मुलगा. मग मुलींसाठी झिजलेली आई कुठे गेली?

हा प्रश्न कुडाळ तालुक्यातल्या वालावलसारख्या गावात उभे राहून विचारला पाहिजे. पावसाळा सरून जत्रा सुरू झाल्या की दक्षिण कोकणात गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर दशावतार रंगतो. त्यातली एक राणी सगळ्यांच्या ओळखीची असते. सवतीच्या कपटाने तिला वनवास घडतो, रानात ती बाळंत होते आणि तिथे वाढलेला राजकुमार एक दिवस शत्रूला धूळ चारून आईला पुन्हा सिंहासनाशेजारी बसवतो. समोर बसलेल्या बायांचे डोळे भरून येतात. त्यांच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरींना मात्र या आख्यानात जागा नाही. राणीला रानात मुलगी झाली असती तर कथा पुढे सरकलीच नसती, कारण राज्य परत मिळवून देणारे कुणी उरले नसते. त्यागाची भरपाई करायला मुलगाच हवा, हा आपल्या कथनाचा न बोललेला नियम आहे आणि देवळाच्या मांडापासून बोलपटाच्या पडद्यापर्यंत तो तसाच चालत आला.

याच वालावलचे नाव मराठी चित्रपटाशी जोडले गेले ते ‘चानी’मुळे. या मुलुखात जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांची कथा, १९७७ चे वर्ष, दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे ज्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी तारामती उभी केली तेच. गोऱ्या साहेबाने आईवर केलेला अत्याचार चानीच्या केसांत आणि डोळ्यांत उतरलेला असतो, आणि गाव त्याची शिक्षा देते ती त्या मुलीला. चानीची भूमिका केली रंजना यांनी. त्या वत्सला देशमुख या नटीच्या कन्या. ‘पिंजरा’तली आक्का म्हणून महाराष्ट्र वत्सलाबाईंना ओळखतो. १९८७ च्या अपघाताने रंजनांचे पाय गेले, २००० साली त्या गेल्या आणि आई त्यांच्यामागे बावीस वर्षे जगली. पडद्यावर नसलेली मुलीच्या आईची गोष्ट पडद्यामागे अशी घडत होती.

खरे तर ती गोष्ट या किनाऱ्यावर तीसच्या दशकाच्या कितीतरी आधीपासून घडते आहे. गोव्यातले कुर्डी हे गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथल्या जयश्रीबाईंना एकच ध्यास होता, मुलीने मोठी गायिका व्हावे. त्यासाठी त्यांनी लहानग्या मोगूला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत नेले. १९१४ साली आई गेली तेव्हा मोगू दहा वर्षांची होती. त्या पोरक्या मुलीने नाटक मंडळ्यांतून वाट काढली, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळवली आणि ती मोगूबाई कुर्डीकर झाली. १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’ गाजत असतानाच, तिच्या पोटी किशोरी जन्मली. काही वर्षांत पती गेले. तीन मुले, मुंबईसारखे शहर आणि मिळकत म्हणाल तर गळ्यातले गाणे. मोगूबाई गावोगाव मैफली करीत, मागे तानपुऱ्यावर किशोरी बसलेली असे. आईला उतरायला धड जागा मिळत नाही, बिदागी तुटपुंजी असते, गायिकेचा मान राखला जात नाही, हे सगळे त्या मुलीने पाहिले. पुढे मैफलीच्या अटींबाबत आपण इतक्या ताठ का राहिलो, हे किशोरीताईंनी मुलाखतींतून सांगितले आहे. आईच्या वाट्याला आले ते आपण सोसणार नाही, हा तो निश्चय होता.

तारामतीची गोष्ट आणि ही गोष्ट यांत मोठे अंतर आहे. तारामती सोसते आणि देव प्रसन्न होऊन सारे परत देतो. मोगूबाईंना कुणी काही परत दिले नाही. त्यांनी मुलीच्या हाती विद्या दिली, तीही लाड न करता. व्ही. शांताराम यांच्याच ‘गीत गाया पत्थरों ने’साठी किशोरीताई गायल्या तेव्हा आईने बजावले होते की या वाटेने जायचे तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही. हा कठोरपणा प्रेमाचाच होता. जयश्रीबाईंनी सुरू केलेले काम मोगूबाई अर्धवट सोडायला तयार नव्हत्या. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले, किशोरीताईंना २००२ साली पद्मविभूषण. तीन पिढ्यांत आईने मुलीला आणि मुलीने तिच्या मुलीला पुढे काढले. यात सिंहासन नाही, राजकुमार नाही, तरीही याहून नाट्यमय कथा तीसच्या दशकातल्या कोणत्या बोलपटात होती?

ताराबाई माने यांचीही अशीच कथा आहे. १९२२ च्या सुमारास त्यांनी पती, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे घर सोडले ते पाच मुलांना घेऊन. मुलांना स्वतःचे माने हे आडनाव दिले. त्या पाचांतल्या तिघी मुली, हिराबाई, कमलाबाई आणि सरस्वतीबाई. हिराबाई बडोदेकरांनी कुलीन घरांतल्या स्त्रियांसाठी मैफलीचे दार उघडले. सरस्वतीबाई राणे पुढे हिंदी बोलपटांसाठी गायल्या. एका बाईने नवऱ्याचे घर सोडून स्वतःच्या नावावर संसार उभा केला आणि तिच्या मुलींनी महाराष्ट्राचे गाणे बदलले. आपण मुलींची चरित्रे लिहिली. आईसाठी त्यांत दोन परिच्छेद पुरले.

देशाबाहेरही मुलीच्या आईचा चित्रपट निघाला नाही असे नाही. हॉलिवूडचा ‘स्टेला डल्लास’ १९२५ साली मूकपट म्हणून आला आणि १९३७ साली बोलपट म्हणून. गरीब, अडाणी आई मुलीला श्रीमंत बापाघरी जाता यावे म्हणून स्वतःला मुद्दाम वाईट ठरवते आणि शेवटी मुलीचे लग्न रस्त्यावर उभी राहून खिडकीतून बघते. जग त्यावर हमसून रडले. पण त्या रडण्यात काय मान्य केले होते? मुलीचे भले म्हणजे श्रीमंत घरचे लग्न आणि त्यासाठी आईने नाहीसे व्हायचे. कुर्डीची आई नाहीशी झाली नाही. ती मुलीला घेऊन मंचावर बसली. जगभरच्या अतिनाट्याला जे सुचले नाही ते या किनाऱ्यावरच्या बायांनी करून दाखवले आणि आपण ते पडद्यावर आणले नाही, ही खंत त्यामुळेच अधिक बोचते.

आणले का नाही, याचे उत्तर अवघड नाही. मुलासाठी झिजणाऱ्या आईची कथा ऐकताना कुणाला अपराधी वाटत नाही. संकट नियतीचे असते, खलनायकाचे असते, दारिद्र्याचे असते. मुलीसाठी झिजणाऱ्या आईची कथा सांगायला लागलो की झिजवणारे कोण हे सांगावे लागते. या पट्ट्यात देवळांच्या सेवेला बांधलेल्या भाविणी आणि कलावंतिणी होत्या. मुलीला देवाला वाहण्याचा शेंस विधी न करता तिला शाळेची वाट दाखवणे म्हणजे रूढीशी, देवळाच्या मानकऱ्यांशी आणि कधी घरातल्याच माणसांशी वैर घेणे होते. राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी समाज जागा केला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला आणि मुलींना देवाला वाहणे बेकायदा ठरले. पण कायदा येण्याआधी आणि आल्यावरही घराच्या उंबऱ्यावर ‘माझी मुलगी देणार नाही’ म्हणून ज्या आया उभ्या राहिल्या, त्यांची नावे कुठल्या श्रेयनामावलीत आली? त्यांची कथा सांगायची तर प्रेक्षकालाही आरोपीच्या पिंजऱ्यात बसावे लागते. म्हणून ती सांगितली गेली नाही.

हा प्रश्न जुन्या चित्रपटांपुरता राहिला असता तर इतका जीव तोडून लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती आई आजही दक्षिण कोकणात आहे. काजूच्या कारखान्यात बी फोडताना टरफलाच्या तेलाने तिची बोटे काळी पडतात. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन ती बाजार गाठते. या कमाईवर तिने मुलींना कुडाळ, कणकवली, मुंबईला शिकायला धाडलेले असते. मुली परिचारिका होतात, शिक्षिका होतात, बँकेत लागतात. मग एक दिवस तीच शिकलेली मुलगी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येते आणि हक्कसोडपत्रावर सही करून जाते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली. कायद्याने दिलेले ते दान भाऊबीजेच्या ओवाळणीत परत घेतले जाते. भावाशी नाते तुटू नये म्हणून सही होते, आणि पुष्कळदा ती सही कर म्हणून सांगणारीही आईच असते, कारण तिने आयुष्यभर पाहिलेल्या प्रत्येक कथेत राज्य मुलाचेच होते.

म्हणूनच कथा महत्त्वाच्या असतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम राज्याने केला. ताराबाईंनी शंभर वर्षांपूर्वी एकटीने जे केले ते सरकारी कागदावर आले, याचा आनंद मानलाच पाहिजे. पण जन्मदाखल्यावर आईचे नाव आणि सातबाऱ्यावर मुलीचे नाव यांत अजून लांबचे अंतर आहे. ते तोडायला कायद्याइतकीच गोष्टींची गरज आहे.

आईच्या त्यागाचे आणखी पोवाडे नकोत. त्याग थोर म्हणून गौरवला की तो कुणी करायला भाग पाडला हे विचारायचे राहून जाते, आणि मुलींच्या आईचेही असेच देव्हारे मांडले तर हाती काही लागणार नाही. हवी आहे ती कृती. दशावतारी मंडळींनी वनवासातल्या राणीला एकदा मुलगी होऊ द्यावी आणि तिच्या हाती तलवार द्यावी. नवी आख्याने बांधण्याची ताकद त्यांच्यात आहेच. मराठी चित्रपटकारांनी कोकणात चित्रण करायला येताना इथले तळे आणि माड टिपावेत, पण जयश्रीबाई आणि ताराबाईंकडेही वळून पाहावे. पटकथा लिहून ठेवल्यासारख्या त्या समोर आहेत. आणि ज्या घरांत आईच्या कष्टांवर मुली शिकल्या, त्या घरांनी पुढच्या वेळी तलाठ्याकडे जाताना हक्कसोडीचा कागद घरी ठेवून वारसनोंदीचा कागद न्यावा. मुलींसाठी झिजलेल्या आईचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग नाही.