वेग वाऱ्याने खाल्ला, इंजिनाने नव्हे



1958 नंतर युरोपातल्या शर्यतीच्या लहान मोटारसायकली मंदावल्या त्या इंजिनं कमजोर झाल्यामुळे, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं निदान मला पटलं नाही. गुझ्झी, जिलेरा, मोंडियाल हे इटालियन कारखाने 1957 अखेर शर्यतींतून बाहेर पडले, हे खरं. पण त्याच वेळी पुढचं चाक झाकणाऱ्या कवचावर बंदी आली, याचा पत्रात उल्लेखच नाही. आडवा वारा त्या कवचावर आदळला की हँडल हातात राहत नसे. बंदी योग्यच होती.

आता हिशेब. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. त्यामुळे शक्ती तेवढीच राहून कवचाअभावी विरोध 30 टक्के वाढला, तर वेग सुमारे 8 टक्के घटतो. लहान इंजिनाला हे जास्तच झोंबतं. त्याचा जोर आरपीएमच्या अरुंद पट्ट्यातच असतो. वेग जरा पडला की आरपीएम पट्ट्याखाली जातो, शक्ती आणखी घटते आणि टॉप गिअरमध्ये गाडी धापा टाकू लागते. क्रायडलर या जर्मन कंपनीने 1962 च्या 50 सीसी रेसरला तब्बल बारा गिअर दिले, ते काही हौसेने नव्हे!

उलट पुरावा हवा असेल तर एनएसयू या जर्मन कंपनीची 1956 ची, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरची वेगविक्रमाची मोहीम पाहावी. इंजिन 50 सीसीचं, स्वार जवळजवळ आडवा, भोवती माशासारखं निमुळतं कवच; वेग ताशी 190 किलोमीटरच्या वर. इंजिनांना दोष देण्याआधी पत्रलेखकांनी हवेचा हिशेब मांडावा.

— एक वाचक, कोल्हापूर