तत्त्व : एका 'त'चे मोल

तत्त्वनिष्ठा, तत्त्वज्ञान, तत्त्वचिंतन हे शब्द सार्वजनिक व्यासपीठांवरून नित्य ऐकू येतात. परंतु व्यासपीठामागील फलकावर आणि निमंत्रणपत्रिकेत तोच शब्द पुष्कळदा 'तत्व' असा अवतरतो. अर्थ कळतोच ना, मग एका 'त'साठी एवढा आग्रह कशाला, असेही वर विचारले जाते.

उत्तर शब्दाच्या जन्मातच आहे. 'तत्' म्हणजे ते. 'त्व' हा भाववाचक प्रत्यय. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात त्याचे विधान केले आहे. तत् + त्व = तत्त्व, म्हणजे 'ते'पण, वस्तूचे खरे स्वरूप. सांख्यदर्शनाने अशीच २५ तत्त्वे सांगितली. या शब्दातील पहिला 'त्' मुळाचा, दुसरा प्रत्ययाचा. एक गाळला की मूळ तरी तुटते, नाहीतर प्रत्यय तरी. महत् + त्व = महत्त्व, सत् + त्व = सत्त्व; घरोघरी परिचित असलेले 'जीवनसत्त्व' याच कुळातले. याउलट हिंदुत्व, नेतृत्व, अस्तित्व यांची मूळ रूपे स्वरान्त असल्याने तेथे 'त्' एकच.

घोटाळा होतो तो उच्चारामुळे. ऱ्हस्व स्वरानंतर 'त्व' आला की मराठी जिभेवर 'त' आपोआप दुणावतो. 'महत्त्व' आणि 'कवित्व' कानाला सारखेच लागतात. निवाडा व्युत्पत्तीच करू शकते. जुन्या हस्तलिखितांतही 'तत्व' आढळते, हिंदीत 'महत्व' सर्रास दिसते. तेव्हा असे लिहिणाऱ्यास अडाणी ठरविण्याचे कारण नाही. मात्र तत्सम शब्द मुळानुसार लिहावा, हा मराठीचा दंडक का आहे, हे त्याला कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंदोत्सव झाला, तो उचितच होता. परंतु दर्जा शासन देऊ शकते. शब्दांचे संस्कार घरानेच करावे लागतात. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला 'महत्त्व' फोडून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. फलक रंगविण्यापूर्वी कार्यकर्त्याने शब्दाची फोड पाहण्यास तेवढाही वेळ लागत नाही.

अतिदक्षतेने 'स्वत्त्व' लिहिणारेही आहेत. स्व + त्व = स्वत्व; तेथे दुसरा 'त' उपराच. तत्त्वात दोन आणि स्वत्वात एक, हे ज्याला कारणासह सांगता येईल, त्याचा भाषाभिमान घोषणेपुरता उरणार नाही.