रोज ताजं, रोज गरम. पण कोणाच्या जिवावर?

हिमोग्लोबिन ९, पायांना सूज, कंबर धरलेली, झोप जेमतेम साडेपाच तास. अशा बाईला औषधाबरोबर 'विश्रांती घ्या' असंही सांगावं लागतं. ती मान हलवते आणि घरी जाऊन कणीक मळायला घेते. म्हणून आजचा लेख तिच्यासाठी कमी आणि घरातल्या बाकीच्यांसाठी जास्त आहे.

'घरचं ताजं, गरम जेवण म्हणजे आरोग्य' हे वाक्य अर्धंच खरं आहे. ज्या घरात चौघांचं आरोग्य पाचवीच्या अशक्तपणावर उभं आहे, तिथे ते खोटं आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवते, तर घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत. पण त्यातलं एक तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. सगळ्यांना वाढून ती शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात भाजी उरलेली नसते. मग चहा-चपातीवर भागतं. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. गोळ्या आम्ही देतो आणि चहा त्यावर पाणी फिरवतो.

'पूर्वीच्या बायका करतच होत्या की!'

हा युक्तिवाद पुरुष करतात, तसा सासवाही करतात. पूर्वीच्या घरात स्वयंपाकाला तीन-चार हात होते, हे सोडून देऊ. पण त्या बायका रोज नव्याने डोकं खाजवत नव्हत्या, हे विसरू नका. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट, सांडगे, कुरडया, शेवया, पापड, मेतकूट व्हायचं. शेंगांची चटणी आणि भाजणीचा डबा कायम भरलेला. अवेळी पाहुणा आला तरी पाट मांडता यायचा, तो या डब्यांच्या जोरावर. म्हणजे नियोजन हा परदेशी खूळ नाही. आपण डबे बंद केले आणि अपेक्षा तेवढ्या चालू ठेवल्या.

आपल्या माधवनगरात तर हे नियोजन जास्तच लागतं. एकाची यंत्रमागाची पाळी, दुसऱ्याची सांगलीत नोकरी, मुलांची शाळा. प्रत्येकाची जेवायची वेळ वेगळी. शिवाय १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांचं रुग्णालय सुरू झालं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव. 'मिरजेला दाखवायला आलोय' म्हणत नातेवाईक आपल्याकडे उतरणारच. उतरावंतही. आजारी माणसाला हॉटेलात ठेवणं आपल्याला शोभत नाही. पण त्याच्यासाठी दोन भाज्या, कोशिंबीर आणि गोडाचा घाट कशाला? दवाखान्यातून आलेल्या माणसाला मुगाची खिचडी, ताक आणि शांतपणे बोलायला कोणीतरी हवं असतं. ओट्याशी अडकलेली यजमानीण बोलणार कधी?

आठवड्याचा कागद

शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून एक कागद लिहा आणि फ्रिजवर लावा.

- दोन संध्याकाळी एकाच पातेल्यातलं जेवण: खिचडी किंवा चकोल्या. सोबत काकडी, टोमॅटो, लिंबू.
- एक संध्याकाळ तिची पूर्ण सुट्टी. स्वयंपाक, वाढणं आणि भांडी बाकीच्यांकडे. 'सांग, काय करू?' असं तिला विचारायचं नाही, कागद वाचायचा.
- रविवारी मटण दुपारीच. रात्री तोच रस्सा. उरलेला दुपारीच फ्रिजमध्ये ठेवायचा आणि रात्री खळखळून उकळायचा.
- पाहुण्यांसाठी राखीव: भाजलेलं शेंगदाण्याचं कूट, भाजणी, फ्रिजमध्ये वाटण आणि मोड आलेली मटकी. पाऊण तासात उसळ-भाकरी होते.
- जेवायला सगळे एकत्र. पाळीवाल्याचं ताट आधी वाढून ठेवा, तसं तिचंही वाढून ठेवा. चहा जेवणानंतर तासाभराने.

'शिळं म्हणजे विष' हेही ऐकतो

धोका शिळेपणात कमी, बाहेर राहण्यात जास्त आहे. सकाळचा भात दिवसभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस हे जंतू वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तोच भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम केला, तर चालतो. एका वेळी एकदाच, लागेल तेवढाच गरम करा. डाळीतली प्रथिनं, लोह, चोथा रात्रीत उडून जात नाहीत. क जीवनसत्त्व कमी होतं. त्यासाठी वर लिंबू पिळा.

आता घरातल्या कर्त्या पुरुषाला थेट विचारतो. तव्यावरची चपाती थेट ताटात पडावी म्हणून कोणीतरी ओट्याशी उभं राहतं, तुमच्यानंतर जेवतं आणि पुढच्या महिन्यात चक्कर येते म्हणून माझ्याकडे येतं. डब्यात, फडक्यात ठेवलेली चपाती खाऊन आजवर कोणाला काही झालेलं मी पाहिलेलं नाही.

येत्या शनिवारी कागद घ्या. सुट्टीची संध्याकाळ आधी लिहा, भाज्या नंतर.