छंदापुरती मराठी

इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही, परंतु इंग्रजीवाचून ज्याचे पान हलत नाही, अशा सुशिक्षित मराठी माणसाची भाषेविषयीची मते आता इतकी ठराविक झाली आहेत की, त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ती सांगता यावीत. भाषा हे केवळ साधन आहे, तेव्हा तिच्यासाठी भावनाविवश होण्याचे कारण नाही, असे तो प्रथम बजावतो. तंत्रज्ञानाची भाषा इंग्रजीच आहे आणि तीच राहणार, हे तो पाठोपाठ सांगतो. आणि आपण मराठीचे वैरी नव्हे हे पटावे म्हणून अखेरीस पुस्ती जोडतो की, नाट्यसंगीत, दिवाळी अंक, सुटीच्या दिवशी एखादे नाटक हे त्याचे छंद आजही अस्सल मराठी आहेत. पोटासाठी इंग्रजी, जिवासाठी मराठी! ही मते गप्पांच्या ओघात, सहज म्हणून मांडली जातात. परंतु ज्या वर्गाच्या हाती शाळा, कचेऱ्या आणि नोकरभरती आहे, त्या वर्गाची सहज मतेच पुढे धोरणे होतात. म्हणून त्यांची झडती घेणे अवश्य आहे.

भाषा साधन आहे, हे क्षणभर मान्य करू. मग कोणत्याही साधनाविषयी अर्थशास्त्राने जे विचारावे तेच येथेही विचारले पाहिजे: त्याची किंमत किती, ती देतो कोण, आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो? जेकब मार्शाक या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली भाषेच्या अर्थशास्त्रावर निबंध लिहून या विचाराला वाट करून दिली. पुढे २००५ मध्ये फ्रँस्वा ग्रँ यांनी फ्रान्समधील एका शासकीय परिषदेसाठी हिशेब मांडला. युरोपात इंग्रजीचे वर्चस्व असल्यामुळे एकट्या ब्रिटनला होणारा निव्वळ लाभ त्यांनी दरसाल किमान १० अब्ज युरो धरला. ब्रिटिश मुलाला परभाषा शिकण्यात वर्षे घालवावी लागत नाहीत, ती वर्षे तो गणिताला किंवा खेळाला देतो. शिवाय इतरांना इंग्रजी शिकवण्याचा धंदाही त्याच्याच देशाकडे जातो. जमिनीच्या मालकाने हात न हलवता खंड वसूल करावा, तसा हा भाषेचा खंड आहे.

भारतात हा खंड कोण भरतो? २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा नोंदवणारे सुमारे २ लाख ६० हजार होते, तर मराठी मातृभाषा नोंदवणारे ८ कोटी ३० लाख. म्हणजे या देशात इंग्रजी बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण ती विकत घेतलेला आहे. ज्याच्या घरी दोन पिढ्या पदवीधर आहेत त्याला ती हप्त्याहप्त्याने, आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटातून मिळाली. ऊसतोड कामगाराच्या मुलीला मात्र ती संपूर्ण किंमत रोख मोजून घ्यावी लागते, आणि तीही ज्या वर्षांत भूगोल आणि बीजगणित समजायचे, त्याच वर्षांतून. "मला जमली, तुम्हालाही जमेल," असे म्हणणारा स्वतःला मिळालेले अनुदान सोयीस्करपणे विसरतो.

बरे, जमली तरी खंड संपत नाही. २०२३ साली आठ देशांतील ९०८ पर्यावरण-शास्त्रज्ञांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांचे शोधनिबंध केवळ भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट आढळले. हे सारे उच्चविद्याविभूषित लोक आहेत. त्यांची ही गत, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या पोराची काय कथा!

तंत्रज्ञानाची भाषा इंग्रजी आहे, हे विधान तर जणू निसर्गनियम सांगावा तशा थाटात केले जाते. वस्तुतः तो माणसांनी केलेल्या निर्णयांचा परिणाम आहे. संगणकात अक्षरे साठवण्याची जी संकेतप्रणाली अमेरिकेत १९६३ साली ठरली, तिच्यात एकूण १२८ जागा होत्या आणि त्यांत रोमन लिपीखेरीज कोणालाही थारा नव्हता. त्या निर्णयाची शेपटी अजून वळवळते आहे. मोबाइलवरून पाठवायच्या साध्या लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आले, तरी प्रचलित पद्धतीत मर्यादा ७० वर येते. त्यातही 'क्षि' हे आपले एक अक्षर यंत्र चार म्हणून मोजते. दर तोच, माल निम्म्याहून कमी. आजची भाषिक यंत्रबुद्धीही मजकुराचे तुकडे मोजून दाम लावते, आणि त्याच आशयासाठी मराठीचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा अधिक पडतात. हा देवनागरीचा अंगभूत दोष नव्हे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी राष्ट्रीय संकेतमानक निघाले, आणि मराठी अक्षर पडद्यावर उमटू लागले. जे ठरवून बिघडले होते, ते ठरवून दुरुस्त झाले.

येथे शुद्धिवाद्यांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. तंत्रज्ञानाची मराठी म्हणजे प्रत्येक नामाला संस्कृत प्रतिशब्द, असा समज करून घेऊन त्यांनी परिभाषाकोश जाड केले आणि भाषा पातळ केली. "बेअरिंग घासलंय, शाफ्ट हलतोय, त्यामुळं मोटर तापतेय," असे फिटर म्हणतो तेव्हा नामे परकी असतात, परंतु कार्यकारणभाव मराठीत मांडलेला असतो. तंत्रज्ञानाची भाषा ती हीच. ती कोशात नाही, कारखान्यात आहे. आणि शाळेने तिची दखल कधी घेतली नाही.

आता छंदाकडे वळू, कारण सुशिक्षित मराठी माणसाचा खरा घोटाळा तेथेच आहे. छंद म्हणजे कामाचा शीण घालवण्याची करमणूक, असे तो समजतो. परंतु ज्या देशांनी स्वतःच्या भाषेत तंत्रविद्या उभी केली, तेथे छंद ही तिची पहिली शाळा होती. जपानमध्ये बिनतारी यंत्रांचा नाद असणाऱ्यांसाठी जपानी मासिक १९२४ पासून निघत होते. रशियात कोल्मोगोरोव्ह आणि किकोइन यांसारख्या अव्वल दर्जाच्या वैज्ञानिकांनी १९७० मध्ये शाळकरी मुलांसाठी 'क्वांत' हे गणित-भौतिकीचे मासिक काढले. तेथल्याच 'रादिओ' मासिकाने १९८६ मध्ये घरच्या घरी जोडता येईल अशा संगणकाचे आराखडे छापले, आणि हौशी वाचकांनी ते यंत्र डाग देऊन जोडले. त्यासाठी कोणाला आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली नाही.

असा वारसा महाराष्ट्राला नव्हता असे नाही. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ साली सुरू झाले, मराठी विज्ञान परिषद १९६६ साली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि तो चालवणारे सारे हौशीच आहेत. परंतु नाट्यगृहाचे तिकीट काढणाऱ्या रसिकाला हे छंद दिसत नाहीत. त्याच्या मराठीत राग आहेत, रेडिओची जोडणी नाही. भाषेला दिवाणखान्यात बसवून तिला अत्तर लावायचे आणि माजघर, परसू, गोठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा, ही कसली भक्ती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच वर्गाने पेढे वाटले. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासकीय निर्णय निघाला, त्यावर रण माजले आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. ते योग्यच झाले. परंतु त्याच पहिलीत २००० सालापासून इंग्रजी बसलेली आहे, तिच्याविषयी त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. डॉ. लोहियांच्या 'अंग्रेजी हटाओ'ची टवाळी करणे सोपे आहे. बर्लिनला जाऊन, जर्मन शिकून, त्या भाषेत प्रबंध लिहिणारा तो माणूस परभाषेचा द्वेष्टा खासच नव्हता. त्यांचा आक्षेप होता तो न्यायालय, कचेरी आणि वर्ग यांतील इंग्रजीच्या मक्त्याला, ग्रंथालयातील इंग्रजीला नव्हे. हा भेद लक्षात घेतल्यावाचून या प्रश्नावर बोलण्यात हशील नाही.

२०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली. त्यावर "या मुलांना नोकरी कोण देणार?" हा प्रश्न तत्काळ आला, आणि तो विचारणारे बव्हंशी नोकरी देणारेच होते! महाराष्ट्र शासन दरसाल संगणकप्रणाली विकत घेते. तिच्यावर तलाठी, आरोग्यसेविका, ग्रामसेवक यांना राबावे लागते. राजभाषा अधिनियम, १९६४ अस्तित्वात आहे. प्रणालीची माहितीपुस्तिका मराठीत असावी, तक्रार मराठीत नोंदवता यावी आणि दुरुस्तीला येणाऱ्याने ती मराठीत समजावून द्यावी, एवढी तीन कलमे प्रत्येक निविदेत घातली, तर मराठीतून शिकलेल्या अभियंत्याला कोण नोकरी देणार, हे त्या कंपन्यांनाच शोधावे लागेल.