शब्दांचे कुळ : ‘स्टॅगर’

इंग्रजीतील ‘स्टॅगर’ या क्रियापदास कोशांत ‘लटपटणे’, ‘झोकांड्या खाणे’ असे प्रतिशब्द आढळतात. ते चूक नव्हेत. परंतु तेवढ्यावर विसंबणारा भाषांतरकार फसण्याचा संभव असतो. मद्यप्याची चाल दाखविणारा हा शब्द कचेरीच्या वेळापत्रकात कसा शिरला, हे समजण्यास त्याच्या मुळाशी जावयास हवे.

नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातील लोकांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती केली. त्यांच्या प्राचीन नॉर्स भाषेत ‘स्ताका’ म्हणजे ढकलणे. त्यापासून ‘स्ताक्रा’ हे क्रियापद झाले. त्यातील रकार क्रिया पुनःपुन्हा घडत असल्याचे सुचवितो. मराठीत हेच कार्य आपण अक्षरांच्या आवर्तनाने साधतो : ‘लटपटणे’, ‘डगमगणे’. नॉर्समधून हा शब्द इंग्रजीत आला. म्हणजे त्याच्या गाभ्यात पडणे नसून धक्का आहे. थक्क करणाऱ्या वार्तेला ‘स्टॅगरिंग’ म्हणतात, तेथे हा धक्का मनाला बसतो.

शरीराच्या लटपटीचा मूळ अर्थही टिकून आहे. कोवळ्या, लुसलुशीत गवतावर चरणाऱ्या गाईच्या रक्तातील मॅग्नेशियम घटले, की तिचा तोल जातो. या रोगाचे इंग्रजी नाव ‘ग्रास स्टॅगर्स’. त्वरित उपचार न झाल्यास जनावर दगावते. म्हणून नावातच सांगितलेले हे लक्षण पशुपालकाने वेळीच ओळखणे अगत्याचे असते.

धक्का बसलेला मनुष्य एकदा इकडे, एकदा तिकडे झुकतो. एकोणिसाव्या शतकात यंत्रज्ञांनी नेमकी हीच कल्पना उचलली. चाकाचे आरे एका रेषेत न बसविता एकाआड एक डावी-उजवीकडे बसविण्यास ते ‘स्टॅगर’ म्हणू लागले. येथे अस्थिरता लोपली व योजना उरली. चारशे मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या मार्गिकेची प्रारंभरेषा पहिलीच्या ७.०४ मीटर पुढे असते. कारण बाहेरचे वळण अधिक लांब पडते. या अंतरालाही ‘स्टॅगर’च म्हणतात. ते नसते, तर शर्यत न्याय्य झाली नसती.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत गर्दी टाळण्यासाठी केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांना ९ ते ५.३०, ९.३० ते ६ आणि १० ते ६.३० अशा तीन वेळा सुचविल्या. इंग्रजीत यांस ‘स्टॅगर्ड’ वेळा म्हणतात. त्याचे भाषांतर कोणी ‘अनियमित वेळा’ असे केल्यास सूचनेचा हेतूच बुडेल. प्रत्येकाची वेळ येथे निश्चित आहे. ती केवळ शेजाऱ्याच्या वेळेहून निराळी आहे. ‘विभागून दिलेल्या वेळा’ हे शब्द साधे खरे, पण दारावरची गर्दी तेच टाळतील.