वापरलेली ब्लेड कुठे टाकता?

स्टाफरूममध्ये मी स्टीलच्या रेझरचा विषय काढला तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "सर, तुम्हाला हो काय करायचाय रेझर? तुमची तर दाढी आहे." मी त्यांना काही बोललो नाही, तास सुरू व्हायचा होता. पण हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, म्हणून आधी तो दूर करतो.

दाढी ठेवणाऱ्याला रेझर जास्त लागतो. गालावरची रेघ, गळ्याखालचे केस, मानेमागचे केस, हे सगळं आठवड्यातून दोनदा साफ केलं नाही तर दाढी राखल्यासारखी दिसत नाही, वाढल्यासारखी दिसते. शिवाय मुसलमानाच्या घरात शरीराच्या स्वच्छतेचा जो धडा लहानपणी दिला जातो, त्यात मिशी बारीक करणं, नखं काढणं, काखेतले आणि नाभीखालचे केस काढणं हे सगळं येतं, आणि त्यात चाळीस दिवसांपेक्षा जास्त खंड पडू नये असं हदीसमध्ये आलेलं आहे. बाळ सात दिवसांचं झालं की अकीक्याला त्याचे केस उतरवतात. हजला गेलेला माणूस शेवटी डोकं भादरून घेतो. शेजारच्या घरात बाळाचं जावळ काढतात, तेही याच पात्याने. आणि शब्दांचं म्हणाल तर मराठीतला वस्तरा फारसीतल्या उस्तुऱ्याचा भाऊ आहे. हजामत हा शब्द अरबीतून आला, तिथे त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणं. मराठीत ज्यांना आपण कल्ले म्हणतो त्यांना उर्दूत कलमा म्हणतात. लिहायचा कलम आणि कानापुढचा कलम एकच शब्द, दोन्ही धारेने नीट कापावे लागतात. नववीच्या वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच एकमेकांचे कान बघायला लागतात.

आता रेझरकडे येतो. अब्बांचा जुना रेझर पितळेचा होता, वर निकेलचा मुलामा. आगाशीत अर्णाळ्याकडून येणारी खारी हवा कशालाच सोडत नाही. खिडकीचे गज, सायकलची साखळी, गॅसची शेगडी, सगळ्याला गंज. अब्बांच्या रेझरचा मुलामा उडाला, आटे झिजले आणि एक दिवस मूठ गोल गोल फिरायला लागली. तो मी जपून ठेवलाय, पण वापरता येत नाही. गेल्या ईदला मोठ्या मुलासाठी नवीन घेतला, जुन्या घडणीचा, पण पूर्ण स्टेनलेस स्टीलचा. मुलाला नुकती दाढी फुटली आहे आणि तो दर महिन्याला प्लास्टिकचा एक रेझर फेकत होता. बायकोने किंमत ऐकली आणि म्हणाली, "एवढ्यात दोघांची वर्षभराची दाढी सलूनमध्ये झाली असती." हिशेब तिचा फारसा चुकीचा नव्हता. शेवटी रेझर एक आणि वापरणारे दोन असं झालं. ब्लेड मात्र ज्याची त्याची.

स्वस्तातले जे चकचकीत रेझर मिळतात ते बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोमचा थर. पडले की आट्यापाशी मोडतात आणि थर उडाला की आत कुजतात. 316 जातीच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाच्या हवेला ते जास्त टिकतं. समुद्राजवळ राहणाऱ्याने पैसे घालायचेच असतील तर इथे घालावेत. मुठीवरच्या नक्षीला दाढी कळत नाही.

रचना अगदी साधी. तीन भाग: मूठ, खालची पट्टी, वरची टोपी. ब्लेडची जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा, नुसती हातात धरली तर कागदासारखी लवते. टोपी आवळली की ती कमानीसारखी वाकते आणि त्या वाकण्यानेच तिला ताठपणा येतो. हात जड असलेल्या माणसाला हा रेझर पहिल्या दिवशी शिक्षा करतो. प्लास्टिकच्या रेझरची सवय असलेले आपण दाबतो. इथे दाबायचं नाही. रेझरला स्वतःचं वजन आहे, ते पुरतं. पातं गालाशी साधारण तीस अंशात धरायचं, केसांच्या दिशेने, छोटे छोटे फटके. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी हनुवटीवर तीन ठिकाणी कापून घेतलं आणि तुरटी लावून कॉलेजला गेला. चौथ्या दिवशी एकही नाही. आणि दाढीवाल्यांसाठी खास सांगायचं तर, पाच पात्यांच्या जाड डोक्याच्या रेझरने गालावरची रेघ कुठे चालली आहे ते दिसतच नाही. इथे पात्याची कड डोळ्यांसमोर असते.

हा रेझर किंग कॅम्प जिलेटचा. 1901 मध्ये कंपनी, 1903 मध्ये विक्री सुरू. पहिल्या वर्षी अवघे 51 रेझर आणि 168 ब्लेड खपल्या. 'रेझर फुकट वाटा आणि ब्लेडवर कमवा' ही युक्ती त्याच्या नावावर सांगितली जाते, पण सुरुवातीला त्याचा रेझर पाच डॉलरला होता, त्या काळी ती मोठीच रक्कम. 1921 मध्ये मूळ पेटंट संपलं, इतरांना तसाच माल बनवायची मुभा झाली, आणि मग रेझर स्वस्त झाले. आज कुठल्याही कंपनीची दुधारी ब्लेड कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसते. माझ्या मते या रेझरची खरी किंमत इथे आहे. सुपरमॅक्सच्या ब्लेड आपल्या ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये बनत. अब्बा त्या वापरत, कधी टोपाझ वापरत, जी दुकानात असेल ती. 1971 मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, 1998 मध्ये तीन पात्यांचं, 2006 मध्ये पाच पात्यांचं, आणि प्रत्येक वेळी ज्याची मूठ त्याचीच पाती घ्यायची सक्ती आली. पात्यांची संख्या वाढली म्हणून माझ्या ओळखीच्या कुणाचा गाल जास्त गुळगुळीत झालेला मी पाहिला नाही.

या कंपनीचीच एक गोष्ट मी वर्गात सांगतो. भारतासाठी एक रेझर बनवला आणि तो अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांनी वाहत्या नळाखाली दाढी केली आणि पसंती दिली. इथे आल्यावर मात्र पात्यांमध्ये केस अडकायला लागले, कारण इथले बहुतेक पुरुष एका कपभर पाण्यात दाढी उरकत होते. ही बाब लक्षात यायला माल बाजारात यावा लागला! पुढे 2010 मध्ये त्यांनी पंधरा रुपयांचा एका पात्याचा रेझर काढला, तो याच अनुभवातून. आगाशीच्या कुणालाही आधी विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आमच्याकडे पाण्याची वेळ ठरलेली, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ आणि जड. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. मी पिण्याच्या पाण्यातलं अर्धा कप गरम करून घेतो आणि ब्रशने फेस करतो. रेझर त्याच कपात दोनदा हलवला की साफ. बिनपाण्याने दाढी करणं हा वाक्प्रचार आहे, तो खरा करून बघू नये.

इथपर्यंत स्तुती झाली. हा रेझर विकणारे आणि त्याचे चाहते मात्र एक वाक्य हमखास बोलतात: प्लास्टिक नाही, म्हणजे कचरा नाही. मीही वर्षभर हेच बोलत होतो. स्टाफरूममध्ये, घरात, मुलाच्या मित्रांसमोर.

मे महिन्यात आमच्या इमारतीचा कचरा उचलायला येणाऱ्या ताई चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या तेव्हा उजव्या तळहाताला पट्टी होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "पिशवी दाबताना ब्लेड लागली सर. तीन टाके पडले." कुठल्या इमारतीत, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्या इमारतीत दुधारी ब्लेड वापरणारा मी एकटा नसेन, पण मी वापरतो हे नक्की, आणि ती मी ज्या कागदात आली त्याच कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यासोबत टाकत होतो हेही नक्की. ओला झाला की तो कागद तासाभरात सुटतो.

प्लास्टिकच्या रेझरने कुणाचा हात असा कापत नाही. हे मला मान्य करावं लागलं. ज्या वस्तूचं कौतुक मी कचरा कमी करणारी म्हणून करत होतो, तिचा कचरा वजनाने कमी आणि धारेने जास्त होता.

आमच्या लहानपणी ब्लेड अशी टाकली जायचीच नाही. दाढीला बोथट झाली की पेन्सिल तासायला यायची, अर्धी मोडून. शिंपी तिने उसवायचा. आई नखं काढायची. सोपाऱ्याला आमच्या नात्यात एक कातिब होते, उर्दू छापखान्यासाठी हाताने मजकूर लिहायचे. चुकलेला नुक्ता ते ब्लेडच्या कोपऱ्याने इतका अलगद खरवडायचे की खाली कागदाला ओरखडा यायचा नाही. संगणक आला, कातिबांचं काम गेलं. मुलांकडे शार्पनर आले, आणि ते बरंच झालं, मुलांच्या हातात ब्लेड देऊ नये हे मी शिक्षक म्हणून सांगतो. पण ब्लेडची ही दुसरी नोकरी गेल्यावर ती थेट कचऱ्यात यायला लागली, हेही खरं. अमेरिकेत जुन्या घरांमध्ये न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटात एक बारीक फट असायची. वापरलेली ब्लेड त्या फटीतून भिंतीच्या आत पडायची आणि तिथेच राहायची. पुढे कुणी भिंत फोडली की आत गंजलेल्या ब्लेडचा ढीग निघतो. हा काही फार शहाणा उपाय नव्हता, पण निदान कुणाच्या हाताला लागत नव्हती.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात मोडत होत्या, त्या वेगळ्या द्यायच्या होत्या. दाढीच्या ब्लेडचं नाव त्या यादीत नव्हतं. पण रक्त लागलेल्या धारेला यादीशी देणंघेणं नसतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, सात दिवस टिकू शकतो. हजच्या दिवसांत सौदी आरोग्य खातं यात्रेकरूंना सांगतं की दुसऱ्याची ब्लेड वापरू देऊ नका, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे सलूनमध्ये आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी अर्धी ब्लेड लावतात, ही चांगली गोष्ट झाली. गिऱ्हाइकाची काळजी मिटली. आता हिशेब करा: दिवसाला तीस दाढ्या, म्हणजे पंधरा ब्लेडचे तीस तुकडे, एका सलूनचे. आगाशीच्या बाजारापासून बोळिंजपर्यंत सलून किती आहेत ते चालत जाऊन मोजा. ते तुकडे कुणाच्या तरी हाताखालून जातात.

उपाय इतका किरकोळ आहे की सांगताना संकोच वाटतो. पत्र्याचा एक डबा घ्यायचा, झाकण घट्ट बसणारा. झाकणाला ब्लेड आत जाईल एवढीच फट पाडायची, मग झाकण चिकटवून टाकायचं. शंभर ब्लेड एकावर एक ठेवल्या तर उंची एक सेंटीमीटर होते. आठवड्याला एक ब्लेड लागणाऱ्या माणसाच्या त्या वेड्यावाकड्या पडल्या तरी कॉफीचा लहान डबा कित्येक वर्षं भरत नाही. भरला की फट बंद करून भंगारवाल्याला द्यायचा, आत काय आहे ते सांगून. शेवटी पोलादच आहे ते.

ही जबाबदारी एकट्या गिऱ्हाइकाची नाही असंही माझं मत आहे. जे दीड-दोन हजारांचा रेझर मखमली खोक्यात घालून विकतात, त्यांनी त्या खोक्यात दहा रुपयांचा पत्र्याचा डबा घालायला काय हरकत आहे? ब्लेडच्या पाकिटामागे वापरलेल्या ब्लेडसाठी कप्पा असायचा, काहींना अजून असतो, तो सगळ्यांनी ठेवावा. आणि वसई-विरार महानगरपालिकेने निदान सलूनमधून ब्लेड वेगळ्या गोळा कराव्यात. त्यासाठी नवी गाडी लागत नाही, महिन्यातून एक फेरी पुरते.

आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये मी एक डबा नेऊन दिला. सलूनवाल्याने तो आरशाखाली ठेवला, आणि पहिल्या दिवशी त्यात चिल्लर टाकली. आता ब्लेड टाकतो.

घरच्या डब्यावर मी मोठ्या हौसेने चिठ्ठी लावली, वर मराठीत, खाली उर्दूत, अक्षर जमेल तितकं सुबक: 'वापरलेली ब्लेड. उघडू नये.' ताई आल्या तेव्हा त्यांना दाखवला. त्यांनी डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "सर, मला यातलं एकपण येत नाही वाचायला." संध्याकाळी मुलाने चिठ्ठी काढली आणि लाल स्केचपेनने डब्यावर एक ब्लेड आणि एक मोठा थेंब काढला.