गजोधरवर नाक मुरडणारे

२१ सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये राजू श्रीवास्तव यांची प्राणज्योत मालवली. १० ऑगस्टला व्यायाम करताना ते कोसळले, तेव्हापासून मृत्यूशी झुंज चालली होती. चिता शांत होण्यापूर्वीच महानगरी इंग्रजी रंगमंचावरील एका विनोदवीराने ‘सुटलो एकदाचे’ अशा अर्थाचा शेरा समाजमाध्यमावर मारला आणि गदारोळ होताच तो पुसून टाकला. शेरा पुसला गेला. त्यामागील तुच्छतेचे काय?

आरोप असा, की श्रीवास्तव नव्या विनोदवीरांना दोष देत आणि विनोदाचे स्वातंत्र्य त्यांना उमगले नव्हते. हे कोणाविषयी बोलले जात आहे? दाऊद आणि पाकिस्तान यांच्यावर विनोद करू नका, अशा धमक्या त्यांना आल्याचे वृत्त २०१० मध्ये देशाने वाचले होते. लालूप्रसादांची नक्कल त्यांनी खुद्द लालूप्रसादांसमोर केली आणि लालूप्रसाद खळखळून हसले. ज्याची थट्टा करायची त्याच्या डोळ्यांत पाहून ती करणे आणि समविचारी, इंग्रजाळलेल्या श्रोत्यांसमोर शिवीला टाळी मिळवणे, यांत धाडस कोणते? शिवी देण्याचे स्वातंत्र्य जर पवित्र असेल, तर तिला ‘हा विनोद नव्हे’ म्हणण्याचे स्वातंत्र्य अपवित्र कसे?

कानपूरचा हा मुलगा, मूळ नाव सत्यप्रकाश. वडील रमेशचंद्र श्रीवास्तव ‘बलई काका’ या नावाने ओळखले जाणारे कवी. शब्दाचे आणि श्रोत्याचे भान घरातूनच मिळालेले. मुंबईने मात्र त्यांना ताटकळत ठेवले. ‘तेजाब’ (१९८८), ‘मैंने प्यार किया’ (१९८९), ‘बाजीगर’ (१९९३) या गाजलेल्या चित्रपटांत ते आहेत. पण मुद्दाम शोधले तरच दिसतात. अमिताभची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला स्वतःचा चेहरा देण्याची गरज या उद्योगाला भासली नाही. २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. स्पर्धा जिंकली ती विदर्भातून आलेल्या सुनील पालने. घराघरांत पोहोचले राजू.

पोहोचले ते गजोधरभैयामुळे. लग्नाच्या पंगतीतले पदार्थ, रेल्वेच्या डब्यातली दाटी, गावातली जनावरे, यांना त्यांनी वाचा दिली. त्यात गावकऱ्याची टिंगल नव्हती. शहराच्या दिखाऊपणाकडे पाहणारा गावकऱ्याचा मिस्कील डोळा होता. आजोबा आणि नातू एकत्र बसून हसू शकत. तोच-तोपणा त्यांच्यातही पुढे आला, आणि २००९ मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात जाणे ही तर प्रतिभेची उधळपट्टीच होती. पण टीकाकारांचा रोख त्यावर नव्हताच.

खरे दुखणे निराळे असावे. २०१४ मध्ये समाजवादी पक्षाने दिलेली कानपूरची उमेदवारी त्यांनी परत केली आणि ते भारतीय जनता पक्षात आले. पुढे २०१९ मध्ये उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ती उमेदवारी त्यांनी ठेवली असती, तर हाच गजोधर ‘लोकधर्मी विनोदाचा अस्सल आवाज’ ठरून त्याच्यावर परिसंवाद झडले नसते काय?

दिल्लीत निगमबोध घाटावर त्यांना निरोप देण्यात आला, तेव्हा तेथे चित्रपटसृष्टीतील बड्या नायकांची रांग नव्हती. घराघरांतल्या दूरचित्रवाणी संचांवर मात्र त्या दिवशी पुन्हा एकदा गजोधरच बोलत होता.